बी पॉझिटिव्ह

माझ्याच डोहाळजेवणात माझ्यापुढे कागदाची प्लेट आली. बाकी सगळ्या बायांपुढे स्टीलची ताटं, वाट्या, फुलपात्री. मी पाटावर बसलेली. सातवा महिना, अंगावर फुलांचे दागिने. आणि पुढ्यात ती पांढरी प्लेट, प्लॅस्टिकचा चमचा.

मला वाटलं, ताट कमी पडलं असेल. म्हटलं, "काकू, मी मागून बसते ना."

काकू वाकून हळूच म्हणाल्या, "तसं नाही गं. तुझं ते आहे ना. काका म्हणाले, सेफ साइडला असलेलं बरं."

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधलं हे घर काकूंचं, आमच्या इथल्या ओळखीच्या. काका रिटायर्ड डॉक्टर. तिथेच सोफ्यावर होते. हेपटायटिस बी ताटातून, जेवणातून पसरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. कुणी मला घास भरवला नाही. ओटी भरणारे हात लांबून आले, लगेच मागे गेले. आणि मी जेवले. त्या प्लेटमध्ये जेवले. याची लाज मला अजून वाटते.

काकूंना मीच सांगितलं होतं. आईच्या जागी मानत होते त्यांना.

तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं, तेव्हा कळलं. दोन हजार चार साल. नर्सचा फोन आला, "यू आर हेपटायटिस बी पॉझिटिव्ह." मी म्हटलं, "येस, आय नो." बी पॉझिटिव्ह हा माझा ब्लड ग्रुप, शाळेच्या ओळखपत्रापासून पाठ. मग त्या बिचारीने सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.

लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी नळ्या भरभरून रक्त घेतलं आणि कागदावर लिहून समजावलं. सरफेस अँटिजेन सापडला म्हणजे विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांनीही सापडला तर मुक्काम कायमचा. माझा पुढे सापडलाच. ई अँटिजेन म्हणजे तो जोरात वाढतोय का, विषाणूचा डीएनए म्हणजे तो रक्तात किती आहे, एएलटी म्हणजे लिव्हरला इजा होतेय का. माझा ई निगेटिव्ह, डीएनए कमी, एएलटी नॉर्मल. त्या म्हणाल्या, आज औषध नको, पण तपासणी जन्मभर. बहुधा जन्मतानाच आईकडून आला असेल. माझ्या आईला कधी कुणी तपासलंच नव्हतं.

मुलगी झाली. बारा तासांच्या आत तिच्या इवल्या मांड्यांत दोन इंजेक्शनं गेली, एक लसीचं, एक तयार अँटिबॉडीचं. ती वर्षाची होत आली तेव्हा तिचं रक्त तपासलं. सरफेस अँटिजेन निगेटिव्ह, अँटिबॉडी, म्हणजे संरक्षण, पॉझिटिव्ह. माझ्यातलं तिच्यात गेलं नव्हतं. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून पोटभर रडले.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन. नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं होतं. "अगं, तुझेही रिपोर्ट चांगले आहेत म्हणे. काकांना फॅक्स कर, ते आकडे बघतील. मग ये दिवाळीचे लाडू वळायला."

माझ्या आजीची कपबशी मालकिणीच्या गोठ्यात ठेवलेली असायची. मी जातीचा दाखला काढून इंजिनियर झाले, सातासमुद्रापार आले. आता लाडवाला हात लावायला रक्ताचा दाखला.

मी विचारलं, "काकू, तुमचा रिपोर्ट कुठाय?"

"आमचा कशाला?"

"तुम्हीही तिकडच्याच. तेच दवाखाने, त्याच उकळलेल्या सुया. तपासलंय कधी?"

त्या हसल्या. "जाऊ दे गं. बी पॉझिटिव्ह." आपण काय बोललो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"आहेच मी," म्हटलं. "फॅक्स येणार नाही." आणि फोन ठेवला.

नवरा वैतागला. "काय यार, कशाला वाकड्यात शिरतेस? एक कागद तर पाठवायचा."

"त्या दिवशी तू स्टीलच्या ताटात जेवलास," मी म्हटलं.

दर सहा महिन्यांनी मी रक्त द्यायला जाते. ते आकडे माझ्या लिव्हरसाठी आहेत, कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायला नाहीत. उद्या ते बिघडतीलही. ई अँटिजेन परत उठेल, डीएनए चढेल, औषध सुरू होईल. तेव्हासुद्धा मी सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांसारख्याच ताटात जेवणार. कुणी कागदाची प्लेट पुढे केली, तर ती उचलून त्याच्याच हातात देणार. आणि कुजबुजत नाही, आजाराचं पूर्ण नाव घेऊन सांगणार, माझ्या मुलीच्या देखत.