उतारावरची एक भुवई

एकवीस वर्षं मी जिल्ह्याच्या बातम्या लिहितोय. या काळात चकवा, देवचार, झाडावरची बाई अशा किती बातम्या टेबलावर आल्या, त्याचा हिशेब नाही. एकही मी छापायला पाठवली नाही. कोणी पाहिलं, किती वाजता पाहिलं, किती लांबून पाहिलं... हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात. खाली जे लिहितोय त्याला मी हेच प्रश्न लावले. ते संपलं नाही, म्हणून लिहितोय.

आमचं घर मिठबावला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे. पलीकडे शेताचा पट्टा, त्यानंतर उतार. गावात येणारी प्रत्येक गाडी त्या उतारावरून येते. अंतर पाऊण किलोमीटर असेल. घरात आई एकटी असायची. मी कणकवलीला. माझ्या गाडीला डीआरएल आहेत, म्हणजे इंजिन सुरू होताच दिवसाही आपोआप लागणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या, हेडलाइटच्या वरच्या कडेला. आई त्यांना भुवया म्हणायची.

"तुझ्या गाडयेचे भुवये दिसले काय मी चाय ठेवतंय," ती सांगायची. मी दारात पोचेपर्यंत चहा तयार असायचा. चष्म्याचा नंबर मोठा होता, पण त्या दोन पट्ट्या तिला बरोबर कळायच्या. तशा गाड्या आमच्या वाटेला फारशा येत नाहीत.

तो भाद्रपदातला गुरुवार होता. आभाळ भरलेलं, पाऊस नाही. सकाळी तिने फोन केला. "छातयेत जड वाटता रे बाबू. डॉक्टराक दाखवूया काय?" तसं यापूर्वीही दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा गॅस निघाला होता. मी म्हटलं, दुपारी येतो, देवगडला नेतो.

दुपारी मी इम्तियाजच्या दुकानात होतो. तो कणकवलीतला ऑटो इलेक्ट्रिशियन. मी मागवलेले नवे एलईडी हेडलाइट त्याच दिवशी कोल्हापूरहून आले होते. आंबोलीच्या धुक्यात जुने पिवळे दिवे कामाचे नव्हते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला आंबोलीलाच जायचं होतं. "तासाचा काम," इम्तियाज म्हणाला. मी बंपर उतरवायला सांगितलं.

साडेतीनला आईचा फोन आला. "सुटलंस मां?" मी म्हटलं, सुटतंयच.

काम अडलं. नव्या दिव्याचा कनेक्टर गाडीच्या वायरिंगला बसेना. हेडलाइटचं जुळवता येत होतं, डीआरएलचं नाही. "ह्यो पट्टयो कापूक लागतले," इम्तियाज म्हणाला. "दिवसाढवळ्या लायटी कित्याक व्हये तुका? लगीन आसा काय गाडयेचा?" मी हसलो आणि काप म्हटलं.

सव्वाचारला पुन्हा फोन. "खंय पोचलंस?"

"शिरगाव सोडलंय," मी म्हटलं. मी इम्तियाजच्या स्टुलावर बसलेलो होतो.

कोणती वायर डीआरएलची हे पाहायला इम्तियाजने काढलेला डावा हेडलाइट बाकावर ठेवला आणि सुट्या बॅटरीवरून दोन वायरी त्याला लावून बघितल्या. पट्टी लागली. वायरींचे रंग लक्षात राहावेत म्हणून मी मोबाइलवर फोटो काढला. उजवा हेडलाइट गाडीतच होता. गाडी बंद, तो विझलेला. त्यानंतर गावातल्या दाजीचा फोन वाजला. आईने करायला लावला असणार, आणि आता काय सांगायचं, म्हणून मी तो कापला. थोड्याच वेळात इम्तियाजने पट्टीच्या वायरी तोडल्या.

दाजी आमचा शेजारी. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता रिक्षा चालवतो. पाच चाळीसला त्याचा दुसरा फोन आला. तो मी उचलला. आईने रिक्षातच जीव सोडला होता, देवगडच्या वाटेवर, तिठ्याच्या आधी.

मी सातला पोचलो. दाजी अंगणात उभा होता. तो ओरडला नाही.

"मागे फिरलंस कित्याक?" त्याने विचारलं.

मला कळलं नाही. तो पुढे सांगत गेला. आई घामाघूम होऊन पडवीत बसली होती. त्याने रिक्षा दाराशी आणली. "काकी, चल, देवगडाक जावया." ती उठली आणि उताराकडे बघून परत बसली.

"इलो तो," ती म्हणाली. "एकच भुवय दिसता. दुसरी खंय गेली?"

"मी पण बघलंय," दाजी म्हणाला. "एकच पट्टी, पांढरी. माका वाटला दुसरी झाडाआड आसतली. तुका फोन केलंय, तू कापलंस. म्हटला, समोरच आसा, आता बोलता कित्याक. काकी म्हणाली, झिल इलो, तू रिक्षा लाव जाग्यार. मी लावलंय."

आमच्याकडे असंच आहे. मुलगा दारात येत असताना त्याच्या आईला दुसऱ्याने उचलून नेणं बरं दिसत नाही. दाजी घरी गेला. मध्ये एकदा त्याने बघितलं, तर उतारावर काही नव्हतं. खाली वळणात असेल, म्हणून त्याने वाट बघितली. वीस-पंचवीस मिनिटांनी रिक्षा परत आणली तेव्हा उशीर झाला होता.

फोटो मी त्यानंतर बघितला. वेळ चार बावन्न. दाजीचा कापलेला कॉल चार चोपन्न. फोटोत बाकावर एकच पट्टी पेटलेली आहे.

तेराव्यानंतर तो फोटो मी दाजीला दाखवला. इम्तियाजशी फोनवर बोलणं करून दिलं. दाजीने सगळं ऐकून घेतलं.

"फोटो कायय दाखव," तो म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. खंयची तरी बातमी इली आणि तू फिरलंस." गावातही हेच बोललं जातं. काकीचो झिल उतारापर्यंत इलो आणि फिरलो. समोर कोणी म्हणत नाही. चहा विचारत नाहीत, एवढंच.

मी तपास केला. एक दिवा गेलेली दुसरी गाडी? त्या वेळी उताराच्या माथ्यावर गुरं राखणारा होता. त्याने एकही गाडी पाहिली नाही. उन्हाची चकाकी? ऊन नव्हतं. दाजी खोटं बोलतोय? मग एकच पट्टी, हे त्याला सुचलं कुठून? ते त्याने मला फोटो बघायच्या आधी सांगितलं होतं, मीसुद्धा तो नीट बघितला नव्हता.

नवे दिवे छान आहेत. आंबोलीत लांबचं दिसतं. डीआरएल जोडलेले नाहीत, जोडणार नाही. जुना डावा हेडलाइट इम्तियाजकडून आणून पोटमाळ्यावर ठेवलाय.

उत्तर माझ्याकडे नाही. एक मोजमाप मात्र आहे. मागच्या महिन्यात मी शिरगावपासून घरापर्यंत गाडी चालवली, घड्याळ लावून, नेहमीच्या वेगाने. उताराच्या माथ्यावर पोचायला सदतीस मिनिटं लागली.

सव्वाचारला मी शिरगाव सोडलं असतं, तर चार बावन्नला तिथेच असतो.