लाकडी तोफांचे पोशाबाबा

मोरा बंदरच्या पोशाबाबांनी मला जगवलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून. कारण माझ्या हाताची गोष्ट निघाली की लोक हाताकडेच बघत बसतात आणि बाबांचं नाव राहून जातं.

पहिली भेट धक्क्यावर. ऊन कलत होतं, मुंबईची शेवटची लाँच निघून गेली होती आणि मी धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसलो होतो. मागून एक उघडाबंब म्हातारा आला. कमरेला रुमाल, कानावर पेन्सिलीचा तुकडा. शेजारी बसून त्याने बिडी पेटवली, खाली वाकून बघितलं आणि अगदी सहज म्हणाला, "पोऱ्या, आता ओटी हाय. खाली गुडघाभर चिखल. उडी मारशील तं रुतून बसशील, नि मंग आमालाच दोर घेऊन यावा लागंल."

माझ्या हाताच्या मळकट पट्टीकडे बघत त्याने दोन झुरके मारले. "भरती अर्ध्या रातीला येल. तवर जेवून घे."

त्या वाक्यावर मी उठलो. आजही सांगता येत नाही का उठलो. भूक असेल.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली. आई म्हणत होती, हातात पुस्तक धर, मशीन सगळ्यांनाच धरता येतं. मी ऐकलं नाही. गावच्या एकाच्या मागे रबाळ्याला आलो आणि पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो. चार वर्षं बरी गेली. मग एके दिवशी उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली राहिली, अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. ठेकेदार म्हणाला, हात बरा झाला की ये. गेलो तेव्हा माझ्या जागी दुसरा उभा होता. खोलीतल्या पोरांनी काही दिवस सांभाळलं. पण त्यांचंही पोट हातावरच. कुणी म्हणालं मोऱ्याला बंदरावर काम मिळतं, म्हणून एस. टी. धरून आलो. तिथे सगळ्यांनी आधी हात बघितला. गावी जावं तर आईला हा हात दाखवायचा कसा? पुढे जागा नव्हती आणि मागेही नव्हती, म्हणून त्या टोकाला बसलो होतो.

बाबांचं घर कोळीवाड्याच्या कडेला. आत शिरलो तर फळ्यांवर, कोनाड्यांत, खाटेखाली राखाडी रंगाची लाकडी जहाजं. हातभर लांब, आणि सगळ्या एकाच जहाजाच्या नकला. नीट बघितलं तर प्रत्येकात खोट. तोफा वाकड्या, कापड सुरकुतलेलं, खिळ्यांची डोकी वर आलेली. मागची बाजू तर नुसत्या फळ्या.

"बघ रे बाबा," पारूकाकी, म्हणजे बाबांची बायको, ताट वाढत म्हणाली, "या घरात तोफांना जागा हाय, माज्या टोपांना नाय."

बाबा तरुणपणी मुंबईच्या गोदीत सुतार होते. दुसऱ्या महायुद्धात साहेबाच्या आरमाराने एक जुनं, तोफा काढून घेतलेलं जहाज नव्या युद्धनौकेसारखं सजवून मुंबईच्या बंदरात आणून उभं केलं होतं. वरच्या मोठ्या तोफा लाकडाच्या, बुरूज फळ्यांचे आणि कापडाचे. शत्रूने ते बघावं, त्याच्यावर नजर ठेवावी आणि खऱ्या जहाजांना मोकळीक मिळावी, एवढंच त्याचं काम. वाटेत लाटांनी त्या तोफा मोडल्या, म्हणून गोदीतले सुतार बोलावले, त्यांत बाबा. कुठे बोलायचं नाही, अशी सक्त तंबी. बाबा 'लाकूड'ला 'लाकूर' म्हणायचे. "अख्खी लाकराची तोफ," हाताने माप दाखवत ते सांगत, "चार मानसांनी उचलून ठेवली. फुकली तरी हालंल अशी."

कोणतंही काम हातात घेतलं की त्यांचा एकच प्रश्न असे: "कोन बगनार, नि कुठून?" दाराची चौकट असो की देवाचा पाट. समोरून बघणार असेल तर मागच्या बाजूवर ते रंधा फुकट घालवत नसत. काकी म्हणायची, ह्यांनी लग्नात मला नुसती समोरून बघितली.

एकदा वाशीच्या नव्या वसाहतीतले एक गृहस्थ कुणाकडून तरी ऐकून आले. दिवाणखान्यातल्या शोकेससाठी त्यांना जहाज हवं होतं. पसंत पडलं; फक्त तोफा सरळ करून द्या म्हणाले. बाबांनी नकार दिला. गृहस्थ हसले, अहो, खरी वाटली पाहिजे ना. "खरी व्हती कुठं?" बाबा म्हणाले आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. गिऱ्हाईक चहा पिऊन रिकाम्या हाताने गेलं. काकी संध्याकाळपर्यंत बाबांशी बोलली नाही.

मला त्यांनी डाव्या हाताने पॉलिशपेपर मारायला शिकवलं. मी घासायचो आणि मनात हिशेब चालायचा की किती दिवस हे मला पोसतील. रात्री दचकून उठायचो, प्रेसचा आवाज कानात असायचा. अशात चुलतभाऊ शोधत शोधत मोऱ्याला आला. धाकट्या बहिणीचं, शांताचं लग्न ठरलं होतं. आईने निरोप धाडला होता, तू आल्याशिवाय लग्न लागणार नाही. त्याने हात बघितला. घरी यातलं काही सांगायचं नाही, अशी त्याला मी शपथ घातली.

तो गेल्यावर मी बाबांपुढे रडलो. आमच्या बौद्ध लग्नात वंदनेला सगळ्यांसमोर हात जोडून उभं राहायचं असतं. खिशात घालून वंदना होत नाही. म्हटलं, बाबा, तुम्ही तोफा करता, मला बोटं करून द्या.

त्यांनी कानावरचा पेन्सिलीचा तुकडा काढला. मग म्हणाले, "कोन बगनार, नि कुठून?"

"आई," मी म्हणालो. "समोरून."

पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन त्यांनी तीन बोटं कोरली. डाव्या हाताच्या बोटांवरून पेरं घेतली. रंग जमेना, गेरू, काजळी, तेल असं काय काय मिसळून शेवटी माझ्या कातडीजवळ आणला. नखं मात्र जिताडा माशाच्या खवल्यांची, कापून चिकटवलेली. तळव्यावर कातड्याची टोपी, मनगटाला दोरी, वरून लांब बाहीचा शर्ट. मला बांधावर उभं करून ते लांब गेले, तिथून हात जोडायला सांगितलं आणि ओरडले, आणखी मागे जा. मी गेलो. त्यांनी मान हलवली. जमलं होतं. माझ्या मनावरचा दगड उतरला, पण बाबांचा चेहरा काही खुलला नाही.

घरी येऊन दोरी सोडताना त्यांनी जे सांगितलं, ते काकीनेही कधी ऐकलेलं नव्हतं.

"तवा अख्ख्या मोऱ्याला वाटाचा, ते जहाज आपली राखन कराला आलंय. नारली पुनवेला दरियात नारल सोडतात ना? माजी आये त्या जहाजाकं तोंड करून उभी रायली. हात जोडून बोलली, आमचे पोरांना सांभाल." त्यांनी दोरी गुंडाळली. "त्या तोफांचे खिले मी ठोकलेले. दुस्मनाचं इमान बाँब टाकाला आलं असतं तं पयलं तिथंच आलं असतं. आये निवांत निजाची, नि मी जागा."

लढाई संपल्यावर तरी सांगितलंत ना, मी विचारलं.

"नाय. मंग कंच्या तोंडानं सांगू? ती तशीच गेली, लाकरावर भरवसा ठेवून." भिंतीवरच्या जहाजांकडे न बघता ते म्हणाले, "मी तुला बोटां दिली. चांगली केलीत. पुडचं तुजं तू बग."

लग्नात सगळं ठरल्यासारखं झालं. नवऱ्याकडच्यांना काही कळलं नाही. मी खांबाशी हात जोडून उभा होतो. तेवढ्यात आई फुलांची परात घेऊन आली आणि माझ्या ओंजळीत पाकळ्या घातल्या. लाकडी बोटं मिटली नाहीत. पाकळ्या त्यांच्यामधून खाली सांडल्या. आईने पाकळ्यांकडे बघितलं, मग हाताकडे. तिने तो हात धरला, पदराखाली घेतला आणि वंदना संपेपर्यंत सोडला नाही.

पाहुणे जेवायला बसल्यावर घरामागे मी दोरी सोडून हात दाखवला. मी सगळं सांगितलं, धक्क्याचंसुद्धा. ती थोटकांवरून अंगठा फिरवत राहिली.

"दुखतंय का अजून?"

"नाही."

"जेवू कोन घातलं?"

मी नाव सांगितलं. लाकडी बोटं उचलून तिने नखं निरखली. "त्यायला माहा जय भीम सांग," म्हणाली, "आन् हे आता घालू नको."

मी परत आलो तो उघडा हात घेऊन. आईला सगळं दाखवल्याचं आणि तिचा जय भीम सांगितला, तेव्हा बाबा खाली बघून म्हणाले, "त्या रातीला निजलास?" हो म्हटलं. मग त्यांनीच मला द्रोणागिरीच्या बाजूच्या एका गोदामावर रखवालीच्या कामासाठी नेलं. तिथल्या मुकादमाने एवढंच विचारलं, शिट्टी नि बॅटरी एकदम धरता येईल का. येते. अजून तीच नोकरी आहे, आणि उद्या सुटेल ही भीतीही अजून तीच आहे.

बाबांचे डोळे आता गेले. फळीवरची जहाजं काकी पुसते. ते दारात बसून येणाऱ्याच्या पावलांवरून माणूस ओळखतात, आणि मी दिसत नसताना मला विचारतात, पोऱ्या, वाळलास का रे.

ड्युटी नसते तेव्हा खोलीवर मी डाव्या हाताने एक जहाज करतो आहे. सांगाडा झालाय, बुरूज बाकी आहेत. तोफा वाकड्याच ठेवीन, खिळे वर ठेवीन. मागची बाजू मात्र या वेळी घासून गुळगुळीत करीन, कारण आता बघणार ते बोटांनी, सगळीकडून. बाबा, थोडे थांबा. हे जहाज पुरं करून मी तुमच्या हातात देईन, या नारळी पौर्णिमेला नाही जमलं तर पुढच्या, पण देईन.