नाव न विचारणारा दवाखाना

आमच्या विद्यापीठाचा दवाखाना पूर्वी परीक्षा विभागाच्या शेजारच्या खोलीत होता. बाहेर दोन बाकं, आत एक टेबल, एक पडदा, आणि दारात उभा राहून खड्या आवाजात नाव पुकारणारा शिपाई. वेळ दहा ते एक, म्हणजे नेमकी तासांची. आजारी पडायचं तर तास बुडवून पडा. गुणपत्रिकेच्या रांगेतल्या मुलांना कोण डॉक्टरकडे आलंय ते दिसायचं, आणि कशासाठी आलंय तेही ऐकू यायचं. मी तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून लागले आणि सहा वर्षं सर्दी, जुलाब आणि क्रिकेट खेळताना सुजलेली बोटं बघितली. मला वाटायचं, आपली मुलं तब्येतीनं ठणठणीत आहेत.

हा गैरसमज माझ्या मैत्रिणीनं दूर केला. ती विद्यार्थी कल्याण विभागाची प्रमुख होती. आम्ही दोघी धायरीत राहत होतो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि रोज तिच्या गाडीतून शहर ओलांडून कामावर जायचो. हडपसरच्या पुलाखाली गाडी अडकली की बोलायला हमखास वीस मिनिटं मिळायची. तिथेच एका सकाळी ती म्हणाली, "अगं, तुझ्याकडे मुली येतच नाहीत. लक्षात आलंय का तुझ्या?"

नव्हतं आलं.

मग आम्ही वसतिगृहांमध्ये कोरे कागद वाटले. नाव लिहू नका, तब्येतीसाठी काय हवंय तेवढं लिहा. कागद परत आले ते गाडीत बसून वाचले. संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवा. शिपायाला ओरडायला लावू नका. महिनोन् महिने झोप येत नाही, त्यावर औषध असतं का? एका कागदावर एकच ओळ होती: 'नाव न सांगता औषध मिळेल का?' तिनं ती दोनदा मोठ्यानं वाचली. तिचे डोळे भरून आले होते. "आपल्याला हेच करायचंय," ती म्हणाली.

दोन वर्षं आम्ही त्यासाठी भांडलो. ग्रंथालयामागचं जुनं अतिथिगृह मिळवलं, त्याला पुढे आणि मागे अशी दोन दारं होती. वेळ चार ते आठ करून घेतली; त्याआधी मी कागदपत्रं उरकायची, आणि परत जाताना मैत्रीण आठपर्यंत माझ्यासाठी थांबायची. आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक यायला लागली. प्रत्येक मुलाच्या फायलीवर नावाऐवजी क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, हे एका वहीत लिहिलेलं असे, कारण एखाद्याची शुद्ध हरपली तर आम्हाला ते माहीत असायला हवं. वही कपाटात आणि कपाटाच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडे. दुसरी कुणाकडे असावी यावर चर्चासुद्धा झाली नाही.

वसतिगृहाच्या मेसमध्ये मुलांना गोळा करून मी सांगितलं, "इथं बोललेलं घरी जाणार नाही, रेक्टरकडे जाणार नाही, तुमच्या विभागात जाणार नाही. जिवाला धोका असला तर तेवढा अपवाद, आणि तोही आधी तुम्हाला सांगून." मैत्रीण माझ्या शेजारी उभी राहून मान डोलावत होती.

मुलं यायला लागली. पहिल्याच सत्रात मला कळलं की सहा वर्षं मी काहीच बघितलेलं नव्हतं.

नव्या जागेतल्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी आली. आली म्हणजे मैत्रिणींनी आणली. प्रयोगशाळेत उभ्याउभ्या कोसळली होती. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती, चंद्रपूरकडच्या एका गावातली. जिभेला दात लागून रक्त आलं होतं. मैत्रिणींना बाहेर पाठवून मी विचारलं, "याआधी असं झालंय का?"

"दोनदा झालं जी. खोलीतच. उपाशी राहिले म्हणून चक्कर आली असंन, वाटलं."

ती चक्कर नव्हती. मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. अपस्मार आहे, गोळ्या नियमित घेतल्या तर शिक्षण, नोकरी, लग्न काहीही अडत नाही, असं त्यांनी तिला नीट समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परत येताना रिक्षात मला एवढंच म्हणाली, "घरी नका सांगू, मॅडम."

तिच्या आत्याला हाच आजार होता. आत्याला सासरच्यांनी परत पाठवलं, आणि माहेरच्यांनी विहिरीवरसुद्धा एकटीला जाऊ दिलं नाही. वयाच्या पन्नाशीपर्यंत ती बाई ओसरीवर बसून होती. "मले ओसरीवर नाही बसाचं," ती म्हणाली. मी म्हटलं, "घरी कधी सांगायचं ते तू ठरव. पण सांगायचं आहे, हे मनात ठेव. सांगशील तेव्हा मी बरोबर असेन." आठ महिने ती दर पंधरवड्याला यायची. झटका पुन्हा आला नाही. खोलीतल्या मैत्रिणीला मी कुशीवर कसं वळवायचं ते शिकवून ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आईला सांगायचं, असं तिचं तिनंच ठरवलं.

त्याच सुमाराला शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजात एका विद्यार्थ्याचा जीव गेला, आणि आमच्याकडे बैठका सुरू झाल्या. आपल्याकडे असं काही घडलं तर जबाबदारी कुणाची? एका बैठकीत मागणी झाली की औषधं चालू असलेल्या मुलांची यादी रेक्टरांकडे असावी. मी नाही म्हटलं. मुलांचं येणं बंद होईल, मग ज्यांची काळजी वाटते तीच आपल्याला दिसायची नाहीत. मैत्रीण म्हणाली, "मॅडम बरोबर बोलतायत." विषय तिथेच थांबला, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तीन दिवस रजेवर होते. परत आल्यावर चार दिवस तिच्या गाडीतून नेहमीसारखी गेले-आले. आईच्या डोळ्याची तिनं चौकशी केली. पट्टी कधी काढणार, थेंब कोण घालतं, सगळं विचारलं.

पाचव्या दिवशी दवाखाना उघडला तर बाहेर ती मुलगी बसली होती आणि शेजारी तिचे वडील. पांढरा सदरा, मांडीवर रेल्वेच्या प्रवासात चुरगळलेली पिशवी. मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"रेक्टर बाईचा फोन आला," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणाल्या, पोरीला मिरगी आहे, तुम्हाला माहीत असंनच. मले माहीत नव्हतं. आठ महिने तुमाले माहीत होतं, मले नव्हतं. मी बाप आहो ना, मॅडम?"

मी त्यांना आत बसवलं. तासभर बोलले. गोळ्या, तपासण्यांचे कागद, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं समोर ठेवलं. त्यांनी एकेक कागद हातात घेऊन पाहिला. शेवटी म्हणाले, "माह्या बहिणीले आमी असंच म्हणत होतो, बरी होईन. नाही झाली." पोरीला घेऊन जातो, म्हणाले. परीक्षेला तीन आठवडे होते.

दारात मुलगी पहिल्यांदा बोलली. "मॅडम, मी ठरवलं होतं ना दिवाळीचं."

"मी सांगितलेलं नाही गं," मी म्हटलं.

"मंग कोणी सांगितलं?"

"शोधून काढते," मी म्हटलं. तिनं मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखी नाही, वाद नको म्हणून. आणि ती वडिलांच्या मागून निघून गेली.

मी रेक्टरना फोन लावला. "अहो मॅडम, यादी तुमच्याच दवाखान्यातून आली की! शिक्का आहे खाली," त्या म्हणाल्या. मी कपाट उघडलं. वही जागच्या जागी होती, व्यवस्थित. कुलूप फोडलेलं नव्हतं. फोडायची गरजच नव्हती.

मैत्रीण तिच्या खोलीत कागदांवर सह्या करत होती. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "यादी तू दिलीस?"

तिनं पेन खाली ठेवलं. "वरून फार दबाव होता. आणि हे बघ, एखादं पोर गेलं असतं तर? तू उत्तर देणार होतीस का त्याच्या आईबापांना?"

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे म्हणूनच विचारलं नाहीस."

तिनं पेन पुन्हा उचललं. मग हळूच म्हणाली, "मी काही वाईट हेतूनं केलं नाही."

ते मला पटत होतं, आणि त्यानंच जास्त लागत होतं. दुष्टपणा असता तर मी तिला शत्रू म्हणून मोकळी झाले असते. पण चार दिवस माझ्याशेजारी स्टिअरिंग धरून ती आईच्या डोळ्याबद्दल विचारत होती, आणि त्याच वेळी रेक्टर घराघरात फोन करत होत्या. त्या पुलाखालच्या वीस मिनिटांत एकदा तरी ती सांगू शकली असती. मी निदान मुलांना आधी गाठलं असतं.

त्या आठवड्यात यादीतल्या प्रत्येकाला मी स्वतः बोलावून सांगितलं की तुमचं नाव गेलं आहे. काही रडले. एका मुलानं खुर्ची मागे सारली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बोलला होतात ना मेसमध्ये? आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. चुत्याच बनलो." मी त्याला भाषेबद्दल टोकलं नाही. कुलगुरूंना लेखी तक्रार दिली. 'यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल' असं उत्तर आलं, तेही माझ्या मैत्रिणीच्या सहीनं.

दुसरी किल्ली मी परत घेतली. दुसऱ्या दिवसापासून स्वारगेटला बस बदलून कामावर जायला लागले. एका सकाळी तिची गाडी माझ्या थांब्याशी हळू झाली; मी मोबाइलमध्ये पाहत राहिले आणि ती पुढे गेली.

मुलीचा फोन बरेच दिवस बंद होता. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडून कळलं की परीक्षा बुडाली, गोळ्या मात्र चालू आहेत. वडील स्वतः तालुक्याला जाऊन आणतात. पुढच्या वर्षी पाठवायचं म्हणतायत. पुढचं वर्ष आलं आणि गेलं, ती आली नाही. मी तिला दोन मेसेज पाठवले. दोन्ही वाचले गेले, एवढं दिसलं.

दवाखाना अजून त्याच जागी आहे, चार ते आठ. वही आता माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पण मुलं ते का मानतील? येतात ती सर्दी, जुलाब, सुजलेली बोटं घेऊन. झोपेबद्दल कुणी बोलत नाही. वार्षिक अहवालात लिहिलंय की विद्यार्थ्यांचं आरोग्य समाधानकारक आहे.

मैत्रीण गेल्या वर्षी निवृत्त झाली. निरोप समारंभात चार शब्द बोलायला मला सांगितलं होतं, मी दवाखान्याची वेळ आहे म्हणाले. परवा धायरी फाट्यावर भाजी घेताना समोरासमोर आलो. ती थकलेली दिसली.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"एकदा घरी ये ना गं. बोलू."

"बघते," मी म्हटलं. 'बघते'चा अर्थ तिला समजावायची गरज नव्हती. तिनं मेथीची जुडी पिशवीत टाकली, आणि आम्ही दोघी आपापल्या गल्लीकडे वळलो.