शाई जिथं सुटली

बोर्डावरची शाई सुटते त्याची कारणं मोजकीच असतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे माणसाचा हात. हे मला उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दुकानात रोज ऐकवलं जायचं. ऐकवणारा माझा भागीदार. वीसेक वर्षं आम्ही दोघांनी मिळून दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे बोर्ड केले. सुरुवातीला तो ब्रशनं अक्षरं काढायचा आणि मी खाली शिडी धरून उभा असायचो. मग छपाईचं मशीन आलं. ते चालवायला मी शिकलो, आणि तो शीट पुसायला लागला. एवढा चांगल्या हाताचा पेंटर पुसण्याच्या कामाला लागला याचं मलाच वाईट वाटायचं. तो म्हणायचा, "भाऊ, रंग कोणी पण लावतो. रंग टिकवतो कोण ते बघ."

पुसायची त्याची एक रीत होती. बोर्डाच्या शीटवरची संरक्षक फिल्म सोलली की खालची शीट आरशासारखी स्वच्छ दिसते. ती तशी नसते. तो धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या कापडावर स्पिरिट घ्यायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दिशेनं पुसत न्यायचा. पुढच्या पट्ट्याला कापडाची नवी घडी. मागंपुढं घासलं तर मळ निघत नाही, नुसता जागा बदलतो, असं त्याचं म्हणणं. मग वाळू द्यायचं, मग शाई धरून ठेवणाऱ्या प्रायमरचा पातळ थर, मग शीट मशीनवर. छापून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात ब्लेडनं बारीक चौकडी मारायचा, त्यावर चिकटपट्टी दाबायचा आणि खसकन ओढायचा. पट्टीवर शाईचा एक कण जरी आला, तरी त्या दिवशी बोर्ड दुकानाबाहेर जात नसे. चिकटपट्टीचं रीळ तो मनगटात बांगडीसारखं घालून फिरायचा. नमाजाला जाताना तेवढं काढून माझ्या टेबलावर ठेवायचा.

आता माझी सवय सांगतो. मी शेतकऱ्याचा पोरगा. आमचे वडील बैल औताला जुंपायच्या आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून दोनदा थोपटायचे, तेव्हा कुठं जू चढवायचे. मी शेत सोडलं, शहरात आलो, पण ते थोपटणं माझ्या हातात राहिलं. मशीन सुरू करण्याआधी शीटच्या मध्यावर उजवा तळवा दोनदा टेकवायचा, मग बटण. त्यात मला डोक्याला तेल चोपडायची आणि विचार करताना केसांतून हात फिरवायची खोड. भागीदार ओरडायचा, "शीट है भाऊ, बैल नै!" हातमोजे आणून समोर ठेवायचा. मी हसण्यावारी न्यायचो. बरेचदा तो ती जागा परत पुसून घ्यायचा. तो नमाजाला गेलेला असला तर पुसायला कोणी नसायचं.

तीनेक वर्षांपूर्वी गारखेड्यातल्या एका शाळेचा मोठा बोर्ड आम्ही केला. कोपऱ्यातली पट्टी साफ निघाली होती, बोर्ड दणक्यात लागला. पहिलाच उन्हाळा सरला आणि शाळेचा माणूस तो बोर्ड टेम्पोत घालून दुकानाच्या दारात हजर. मधल्या अक्षरांची शाई पापडासारखी उचलली होती. तो माणूस रस्त्यावर उभा राहून बोलत होता, शेजारचे दुकानदार बघत होते, आणि माझं डोकं सटकलं. माझं डोकं सटकायला फार काही लागत नाही. मी सगळ्यांसमोर भागीदाराला म्हणालो, "पुसलंच नाय तू नीट! आता वय झालं तुझं, कोपरे तेवढे पुसतोस."

तो पुढं आला. बोर्डासमोर उकिडवा बसला. मान तिरकी करून, उजेड आडवा पडेल असं बघत, उचललेल्या शाईच्या कडेनं नख फिरवलं. मग आपला स्वतःचा हात उताणा करून त्याकडं पाहिलं. मग उठला. तो गप्प बसला ती मी कबुलीच समजलो. शाळेला आम्ही नवा बोर्ड करून दिला. त्याची शीट त्यानंच पुसली, आणि मला वाटतं आयुष्यात इतकी सावकाश कधी पुसली नसेल. त्यानंतर पंधरा दिवस तो वेळेवर यायचा, काम करायचा, चहा आपला आपण प्यायचा. सोळाव्या दिवशी रीळ माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, जावयाचं दुकान आहे लासूर स्टेशनला, तिथं बसतो आता. मी "बरं" म्हणालो. आजही ते "बरं" आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला अवघड आहे, कारण वरवर काहीच बिघडलं नव्हतं. काम होतं. घरी बायको आहे, सून आहे, नातवंडं आहेत. पण पट्टी साफ निघाली की ती वर धरून दाखवायला समोर माणूस लागतो. घरी कोणाला सांगू, की आज पट्टीवर कणसुद्धा आला नाही? सून म्हणाली असती, हो का बाबा, आणि कुकर लावायला गेली असती. मी दुकानात एकटा पुसायचो, एकटा ओढायचो, आणि ती स्वच्छ पट्टी चुरगाळून टाकून द्यायचो. दुपारी दोन चहा सांगायची जिभेची सवय पुष्कळ दिवस सुटली नाही. दुसरा कप तसाच गार व्हायचा.

शाळेचा तो खराब बोर्ड मी दुकानामागं पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकला होता, छापलेली बाजू वर. तीन पावसाळे, दोन उन्हाळे त्यानं तिथं खाल्ले. यंदा दसऱ्याच्या साफसफाईला तो उचलला, पाणी मारलं, आणि राहिलेले पोपडे गळून पडले. बाकी सगळ्या शीटवर शाई घट्ट होती. नखानंही निघत नव्हती. फक्त मधोमध कोरी शीट उघडी पडली होती, आणि त्या कोऱ्या जागेला आकार होता. तळवा, अंगठा, चार बोटं. शेजारी थोडा सरकलेला तसाच दुसरा. दोन्हीत मधलं बोट अर्धंच.

लहानपणी कडबाकुट्टीत माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापाशी गेलं. मी तिथं ओल्या फरशीवर बसलो आणि हात त्या जागेवर ठेवला. तंतोतंत बसला. मला रडू आलं. साठीच्या माणसाला टाकीपाशी बसून रडताना कोणी पाहिलं नाही, एवढंच बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीटचा तेवढा तुकडा कापून पोत्यात गुंडाळला आणि लासूर स्टेशनची बस धरली. जावयाचं बी-बियाण्याचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. पाटीवर त्याच्या हातची अक्षरं होती, ब्रशनं काढलेली. ती मी कुठंही ओळखेन. तो आत खुर्चीवर बसला होता. दाढी पार पांढरी झालेली. मी पोतं सोडून तुकडा त्याच्या पायाशी ठेवला. त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही.

"देखा था," तो म्हणाला. "त्याच दिवशी. कडेला नख लावलं तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाईक उभं होतं ना भाऊ. तू माझं बोललास सगळ्यांसमोर. मी पण तुझं बोलू का?"

"नंतर सांगायचं होतं. आपण दोघंच तर होतो दुकानात."

तो म्हणाला, "पंधरा दिवस थांबलो की मी. तू एकदा तरी विचारशील वाटलं, नेमकं काय झालं म्हणून. तू विचारलंच नाय."

मी म्हणालो, चुकलो मी, लई चुकलो, परत चल. माफ तर कधीच केलं, तो म्हणाला, त्यात काय. पण यायचं नाही. इथं नात आहे, सकाळी तिला शाळेत सोडतो, नजरही आता तिरक्या उजेडात चालत नाही. त्यानं चहा मागवला, दोन. आम्ही बाजारभावाचं बोललो, त्याच्या गुडघ्याचं बोललो. बसपर्यंत सोडायला आला. तो तुकडा त्यानं ठेवून घेतला नाही. पोत्यात नीट गुंडाळून माझ्या काखेत दिला.

आता तो तुकडा पुसायच्या टेबलासमोर भिंतीला टांगलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तर मी सांगतो, नमुना आहे, बोर्ड कसा करायचा नाही त्याचा. मी मोजे घालतो. एकाच दिशेनं पुसतो, घडी बदलतो, वाळू देतो, दुसऱ्या दिवशी पट्टी ओढतो. रीळ माझ्या मनगटात असतं. शाई कुठंच सुटत नाही.

पण शीट मशीनवर चढली की हात अजून आपोआप उठतो. तो अर्ध्यात थांबतो आणि मी वाट बघतो, सवयीनं, मागून ओरडा येईल म्हणून. दुकानात नुसता पंख्याचा आवाज असतो. मग ते वाक्य मीच हळू म्हणतो, शीट है भाऊ, बैल नै, आणि बटण दाबतो.