सावलीतलं काम

हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या बहिणीला, आक्काला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून तुमच्याजवळ बसतोय. नात्यातल्या माणसासमोर जीभ उचलत नाही — आजवर उचलली नाही.

कुठून सुरू करू? पत्रापासूनच करतो.

आमचं गाव उस्मानाबादकडचं. मी पाचवीत असताना रझाकारांच्या धामधुमीत शाळा बंद पडली. पुढे ती उघडली, पण माझ्यासाठी नाही. सतरा-अठराचा झालो तेव्हा आमच्याच गल्लीतल्या विठ्ठलचं पत्र आलं. तो दोन वर्षांमागे पुण्याकडे गेला होता. पत्रात चारच वाक्यं होती. खताचा कारखाना आहे. काम सावलीतलं आहे. लिहिता-वाचता येणारा माणूस पाहिजे. मुकादम घरच्यासारखा आहे. आईनं ते पत्र देवापुढे ठेवलं. मी मात्र तिसऱ्या वाक्यावरच अडकलो होतो — माझी पाचवी कुणाला तरी हवी होती!

चिंचवडला उतरून चिखलीच्या वाटेनं चालत गेलो. कारखाना दिसायच्या आधी वास आला. खताचाच कारखाना तो, खोटं नव्हतं. पण हाडांच्या खताचा. आवारात गुरांच्या हाडांचे ढीग वाळत घातलेले, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ती दळायची चक्की. सावली म्हणाल तर त्या पत्र्याची. आतून बाहेर येणाऱ्या माणसांच्या भुवया, पापण्या, कानांवरचे केस — सगळं पांढरं. विठ्ठल फाटकाशी गाठोडं बांधून तयार उभा होता. त्यानं गळ्यातलं फडकं सोडून माझ्या हातात दिलं, भिजवून नाकाला बांध म्हणाला आणि निघाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, गाडीची घाई असेल.

तिथली रीत मला आठवड्याभरात कळली. ज्याला सुटायचं त्यानं आपल्या गावाकडचा एक माणूस बदली आणायचा. मग मुकादम चिठ्ठी द्यायचा. पिंपरीत तेव्हा एक मोठा कारखाना उभा राहत होता, आणि तिथे भरतीच्या साहेबाकडे आमच्या मुकादमाचा भाचा पट्टेवाला होता. चिठ्ठी असली की आत जागा मिळायची. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे — आम्हाला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. फाटक दिवसभर उघडं असायचं. नुसतं चालत निघून जाता आलं असतं. चिठ्ठीवाचून, एवढंच.

मुकादम बाळोबा वाईट माणूस नव्हता हो. पहिल्या पावसाळ्यात मी तापानं फणफणलो, तर त्यानं मला उचलून स्वतःच्या घरी नेलं. त्याच्या बायकोनं नऊ दिवस भाताची पेज पाजली. परक्या मुलखात कोण करतं एवढं? पुढे कधी पळून जायचं मनात आलं की ती पेज आठवायची. उपकार विसरून कसं जायचं, असं मी स्वतःला सांगायचो. पण मला पेजेनं धरून ठेवलं होतं की चिठ्ठीनं? तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. आता रोज विचारतो.

आणि घरी कुणीच खरं लिहीत नव्हतं. हाडं हा शब्द आमच्यापैकी एकाच्याही पत्रात गेला नाही. कसा जाणार? आमच्यात मेल्या बैलाला शिवलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. नामदेव हाडं दळतो हे कळलं असतं तर मला मुलगी कोण देणार होतं? म्हणून मीही तेच लिहिलं — खताचा कारखाना. प्रत्येकानं तेच लिहिलं. त्यामुळे गावात कुणाला काही कळत नव्हतं, आणि पुढचा माणूस येत होता.

दीड वर्ष झालं. सकाळी उठलो की खोकल्याबरोबर पांढरं पडायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत आवाराबाहेरच्या बाभळीखाली बसून मी गावातलं एकेक नाव मनात आणायचो. याला लिहू? नको, याची आई मला दिवाळीला करंज्या द्यायची. त्याला? नको, तो शाळेत माझ्या बाकावर बसायचा. असे कित्येक महिने गेले. आणि मग आक्काचाच निरोप आला. दाजी — तिचा नवरा — बार्शीला सरकी काढायच्या कारखान्यात होते, तो कारखाना बंद पडला होता. तुझ्याकडं काही असलं तर बघ, असं तिनं कळवलं होतं.

तिनं स्वतःहून विचारलं! मला किती हलकं वाटलं, काय सांगू.

मला खरं लिहिता आलं असतं. काम आहे, पण असं असं आहे, पटलं तर या. दाजी कदाचित तरीही आले असते. पोटाला लागतं तेव्हा माणूस काय करत नाही? पण नाही म्हणाले असते तर — ती भीती होती मला. विठ्ठलचं पत्र मी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. ते समोर घेतलं आणि उतरवून काढलं. खताचा कारखाना आहे. काम सावलीतलं आहे. मुकादम घरच्यासारखा आहे. तिसरं वाक्य तेवढं बदललं, कारण दाजींना अक्षरओळख नव्हती. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं, असं लिहिलं. म्हणजे मी नुसती नक्कल केली नाही. ते खोटं त्यांच्या मापाचं करून दिलं.

दाजी आले त्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो. फडकं धुऊन, वाळवून घडी केलेलं होतं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं. आता शिवी देतील, आता मागे फिरतील, असं मला वाटत होतं. ते हळूच म्हणाले, "नामदेवा, घरी काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेव. दोघांचं एकच पायजे."

"खताचा कारखाना म्हणा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी फडकं त्यांच्या हातात दिलं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. त्यांच्या तोंडाकडे न बघता मी निघालो, आणि विठ्ठलला कसली घाई होती ते मला तेव्हा कळलं.

माझं चांगलं झालं. मोठ्या कारखान्यात गोदामाला लागलो. स्वच्छ काम, काचेच्या खिडक्या. दाजी रविवारी पिंपरीला माझ्या खोलीवर यायचे आणि अंगाला वास येतो म्हणून पायरीवरच बसायचे. सुरुवातीला मी आत या म्हणायचो. मग म्हणेनासा झालो. चहा पायरीवरच नेऊन द्यायला लागलो.

तीन वर्षांनी त्यांचा खोकला ऐकवेना, तेव्हा मी म्हणालो, दाजी, तुम्हीही गावाकडून कुणी आणा, इकडं मी बघतो. त्यांनी बशी खाली ठेवली.

"कुणाला लिहू?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी दोन-तीन नावं सुचवली. हो, सुचवली. ते नुसते हसले. मी पत्र लिहून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत कुणालाही बोलावलं नाही. पाचव्या वर्षी चक्कीपाशीच बसकण मारली, तेव्हा मीच त्यांना गावी पोचवलं. मार्गशीर्षात गेले. आक्काला त्यांनी काही सांगितलं नाही. दोघांचं एकच राहिलं.

आक्का अजून आहे. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. आल्या-गेल्याला ती सांगते, माझ्या भावानं स्वतःची जागा सोडून ह्यांना लावलं, असा भाऊ मिळायला पुण्याई लागते. माझं ते पत्र तिनं जपून ठेवलंय. तिला वाचता येत नाही, म्हणून दरवर्षी नातवाला वाचायला लावते. तो खडाखडा वाचतो. काम सावलीतलं आहे — इथं आली की ती मान डोलावते.

मग ती भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं काढते. ह्यांच्या गाठोड्यात आलं होतं, चांगलं कापड आहे म्हणून ठेवलं, म्हणते. ती ताटात भाकरी वाढते, आणि मी जेवतो.