माझी कापडी बाळंतीण

केडगावच्या आमच्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. नव्या मुलींना बाळंतपण शिकवायला मी एक कापडी बाई शिवली होती. जुन्या चादरींची, पोटात कापूस, आत फडक्याचं बाळ आणि बाहेर यायच्या वाटेला घट्ट इलॅस्टिक. मुली आधी फिदीफिदी हसायच्या, मग शिकायच्या. माझ्याशिवाय तिला कुणी हात लावायचं नाही, असा माझा दंडकच होता.

मग एक मेडिकल कॉलेज, एक साखर कारखाना आणि आमचा ट्रस्ट असे तिघं एकत्र आले. आता पेशंटवर नाही, आधी बाहुल्यांवर शिकायचं, त्यासाठी सिम्युलेशन सेंटर काढायचं ठरलं. जागा आमची, बाहुल्या कारखान्याच्या पैशातून, शिकवणारी माणसं कॉलेजची. बैठकांवर बैठका झाल्या. पाटीवर कुणाचं नाव आधी यावरून महिनाभर घोडं अडलं. मी मात्र निर्धास्त होते. बाळंतपणाचा विभाग माझ्याशिवाय कुणाला देतील?

दिला माझ्या मैत्रिणीला. त्या मेडिकल कॉलेजात शिकवणारी ती, तिसगावची. नर्सिंगला आम्ही एका खोलीत राहिलो. तेव्हा इंजेक्शन देताना तिचे हात थरथरायचे आणि सुई माझ्याकडे यायची. आता तिच्या नावाची पाटी, फिरती खुर्ची, एसी. मला असं पोटात दुखलं म्हणून सांगू. वर मेली त्या खुर्चीत शोभायचीही.

आणि तिची ती बाहुली. रबरी कातडी, पापण्या मिटायची, कळ आली की कण्हायची. आत मोटर, ती बाळाला पुढे ढकलणार. माझ्या कापडी बाईला मी घरी आणून कपाटावर टाकलं. तिच्याकडे बघवेना.

उद्घाटनाला बाहुलीला हिरवी साडी नेसवली. कारखान्याच्या चेअरमनच्या आई आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भरल्या दिवसांची बाई हाय, आन् वटी रिकामी? असं कुटं आस्तं व्हय?" झालं. खण आला, नारळ आला, तांदूळ आले. मोठ्या कौतुकानं पाच जणींनी ओटी भरली. त्यात मीही होते, आणि मैत्रीणही. बाहुली आडवी, त्यामुळे तांदूळ पदरात कसले राहतात. पोटाच्या झाकणाच्या फटीतून निम्मे आत गेले, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पाहुणे खुर्च्यांवर बसले. मैत्रिणीनं बटण दाबलं. बाहुली कण्हली, बाळाचं डोकं बाहेर आलं आणि आत खर्रकन् आवाज होऊन मोटर बंद पडली. पाहुणे माना उंचावून बघायला लागले. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, आता बघू बाईसाहेबांचा तोरा.

तिनं बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलींकडे वळून शांतपणे म्हणाली, "खांदा अडकलाय. आता काय करायचं?" मुली पुढे सरसावल्या. दोघींनी बाहुलीचे गुडघे पोटाशी दाबले. मग तिनं मला हाक मारली, "अगं, ये ना. वरून दाब दे." माझे हात आपसूक गेले. तिनं हलक्या हातानं बाळ काढलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमच तसा बसवला होता. तिच्या जागी मी असते तर मोटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावत बसले असते. ते मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त जळफळाट होत होता.

बाहुली दुरुस्तीला पुण्याला गेली. संध्याकाळी मैत्रीण माझ्या घरी आली. चहा पिता पिता म्हणाली, "तुझी बाई दे ना थोडे दिवस. मुलींचा वर्ग बुडेल."

"तिला काय एसी सोसतोय," मी म्हटलं.

"मग पांघरूण घालू की तिला."

हसू आलं मला, आणि तिथंच फसले. दुसऱ्या दिवशी रिक्षात बाईला मांडीवर घेऊन मी सेंटरला गेले. मुलींनी गराडा घातला. शिकवायला अर्थातच ती उभी राहिली. मी भिंतीला टेकून बघत होते. ते इलॅस्टिक मी मुद्दाम घट्ट घातलेलं, माझ्याही हाताला दम लागायचा. तिनं बोटं अशी काही फिरवली, की बाळ अलगद तिच्या ओंजळीत आलं.

माझी बाई माझ्या हातून इतकी सुखानं कधीच बाळंत झाली नव्हती.