खात्रीलायक म्हटलेला मागोवा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी त्या हिवाळ्यात बंगळुरूहून गावी, कळसाडीला येऊन राहिले होते. माझं काम लॅपटॉपवरचं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं. चालता सर्व्हर बंद न करता कर्नलमधलं एखादं चुकीचं फंक्शन बदलायचं, तर त्या क्षणी कुठलाही थ्रेड, म्हणजे चालू असलेलं काम, त्या फंक्शनच्या आत नको. ते स्टॅकवरून कळतं. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की परत कुठे यायचं त्याची नोंद स्टॅकवर राहते. त्या नोंदी उलट्या वाचत गेलं की कोण कुणाच्या आत आहे ते समजतं. हे वाचणारा कोड मी लिहिला होता. 'मागोवा खात्रीलायक' असा शेराही तोच देत असे.

एका सकाळी निरोप आला. दुरुस्ती लावताच चाचणीचं एक मशीन कोसळलं होतं. थ्रेड आत असतानाच फंक्शन बदललं गेलं होतं, आणि त्या थ्रेडवर माझ्या कोडचा शेरा होता : खात्रीलायक.

"मेमरी खराब असेल," मी सहकाऱ्याला फोनवर म्हटलं.

"मेमरी तपासली, ठीक आहे. तू एकदा तुझा कोड बघशील का?"

बघते म्हणाले, पण उघडलाच नाही. कारण कुठे बघायचं ते मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी हा कोड तपासणीला गेला, तेव्हा दुसऱ्या देशातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं होतं, "फंक्शनच्या पहिल्याच पावलावर इंटरप्ट आला तर?" म्हणजे आत शिरलोय, पण नोंद अजून लिहिली नाही, तेवढ्यात कुणी थांबवलं, तर बोलावणारं फंक्शन मागोव्यातून गळतं. मी उत्तर दिलं होतं, असं क्वचितच होईल. बाईंनी 'मला पटलेलं नाही' एवढंच लिहिलं. बाकीच्यांनी होकार दिला आणि कोड वापरात गेला.

दोन दिवस मला बसवेना. ओटीवरून अंगणात, अंगणातून परसात, परत ओटीवर. जेवताना फोन उलटा ठेवायचा, लगेच सुलटा करायचा. आई वॉकर धरून दारात उभी होती.

"डाक्टरनी माले चालाले सांगेल शे," ती म्हणाली. "तू काबर चाली ऱ्हायनी?"

"काही नहीं. काम बिघडनं."

"कोणी बिघाडं?"

तोंडातून निघून गेलं, "मीच."

"मंग सांग ना त्यास्ले," म्हणून ती वॉकर ठकठकवत पुढे गेली. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

दुपारी लॅपटॉप उघडला. फंक्शनच्या पहिल्याच पावलावर इंटरप्ट मुद्दाम पाठवणारी चाचणी लिहिली. पहिल्याच फेरीत एक फंक्शन गळालेलं दिसलं. मग सगळ्या टीमला आणि त्या बाईंना लिहिलं : मशीन ठीक आहे. माझा दावा चूक होता. तुम्ही विचारलं तेव्हाच मी हे तपासायला हवं होतं.

पाठवलं. तासाभरात बाईंचं उत्तर आलं. आरोप नाही, सांत्वन नाही. "आता काय करायचं ठरवलंय?"

ठरवलं ते साधं होतं. मागोव्यात इंटरप्टची खूण दिसली की अंदाज बांधायचा नाही, 'खात्री नाही' म्हणून परत यायचं. दुरुस्ती थांबेल, थोड्या वेळाने पुन्हा विचारेल. त्या पद्धतीने दुरुस्त्या लागायला वेळ जास्त लागतो. सहकारी कुरकुरला, पण बाईंनी दोन ठिकाणी शब्द बदलायला लावून होकार दिला.

चाचणीच्या मशीनवर नवा कोड चढवला, तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. 'खात्री नाही.' पुन्हा, 'खात्री नाही.' तिसऱ्या खेपेला दुरुस्ती लागली आणि मशीन चालत राहिलं. मी लगेच ती चाचणी पुन्हा लावली. मग आणखी एकदा.